गॅरेजच्या माळ्यावरचा सिनेमा

वीज गेली की मेणबत्तीसमोर हात धरून भिंतीवर हरीण नि ससा नाचवायचा खेळ तुम्ही खेळला असालच. आज त्या सावल्यांच्या मागोमाग जरा लांब जाऊ या. नकाशावही उघडा आणि जर्मनीची राजधानी बर्लिन शोधा. तिच्या नैर्ऋत्येला, हाफेल नदीच्या काठी, पॉट्सडॅम हे टुमदार शहर आहे.

प्रवासी इथे येतात ते बहुधा राजा फ्रेडरिकचा सांसूसी राजवाडा पाहायला. उतारावर द्राक्षवेलींच्या पायऱ्या आणि वर पिवळा, बैठा महाल! सिनेमावेडे मात्र बाबेल्सबर्ग भागाकडे वळतात. तिथला भव्य स्टुडिओ १९१२ साली सुरू झाला. आपल्याला मात्र जायचंय याच गावातल्या एका मोटार-गॅरेजच्या माळ्यावर, आणि तेही १९२३ सालात.

त्या वर्षी जर्मनीत महागाईने कहर केला होता. सकाळच्या पैशांत संध्याकाळी पावही येईना. म्हणून लुई हागेन या बँकमालकाने पैसे साठवण्याऐवजी सिनेमाची कोरी फिल्म घेऊन ठेवली होती. ती त्याने लोटे रायनिगर हिला देऊ केली आणि सुचवलं, कात्रीने कापलेल्या सावल्यांचा एक मोठा सिनेमा कर! लोटे तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांची. त्या काळी कार्टून चित्रपट म्हणजे चार-दहा मिनिटांची गंमत. तासभर सावल्या कोण बघत बसणार? तरीही लोटेने होकार दिला.

कात्री तर लहानपणापासून तिच्या बोटांत खेळत होती. शिवाय १९१८ साली हॅमेलिनच्या पुंगीवाल्यावर सिनेमा निघाला, तेव्हा खरे उंदीर काही केल्या ऐकेनात. मग लाकडी उंदीर थोडे थोडे सरकवून, दर वेळी एक चित्र टिपून, ते पडद्यावर पळवले. त्या कामात लोटे होती.

माळ्याचं छप्पर बुटकं, म्हणून काम गुडघ्यांवर बसून. समोर काच, खालून दिवा, वरून कॅमेरा. कॅमेरा सांभाळायला तिचा नवरा कार्ल कॉख. माणसं काळ्या पुठ्ठ्याची आणि शिशाच्या पातळ पत्र्याची. मान, कोपर, गुडघा सगळं वेगवेगळं कापून तारेने जोडलेलं. हात जवभर हलवायचा, एक चित्र टिपायचं. पुन्हा जवभर, पुन्हा एक चित्र! अशी चित्रं भराभर डोळ्यांपुढून गेली की आपल्याला सुटी चित्रं दिसतच नाहीत, दिसते ती हालचाल.

हे काम तीन वर्षं चाललं. १९२६ साली ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा तासाभराहून मोठा चित्रपट बर्लिनमध्ये झळकला. त्यात अरबी सुरस कथांमधला उडता घोडा आहे, जादूगार आहे. डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ यायला अजून अकरा वर्षं होती!

पुढे महायुद्ध आलं. १९४५ साली बर्लिनच्या लढाईत या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. लंडनला एक प्रत शिल्लक होती, म्हणूनच आज तुम्हा-आम्हाला तो पाहता येतो.

आता तुमची पाळी! जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून एक मुलगा कापा. हात, पाय, डोकं वेगळं ठेवा. सांध्यांना सुईने भोक पाडून दोऱ्याची सैल गाठ मारा. पांढऱ्या कागदावर त्याला निजवा. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या दीड वीत उंच चळती रचा आणि त्यांवर आईबाबांचा मोबाइल पुलासारखा ठेवा, कॅमेरा खाली करून. उजेड बदलू देऊ नका, मोबाइल हलू देऊ नका. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी दहा सेकंदांच्या गोष्टीला एकशेवीस चित्रं लागतील. पंचविसाव्या चित्राला कंटाळा येईल. तेव्हा सरबत प्या, भावंडाला हाताशी घ्या आणि पुन्हा बसा. चित्रं ओळीने जोडायला मोठ्यांची मदत घ्या.

आणि हो, सिनेमा झाला की त्याची एक प्रत मामाकडे किंवा आत्याकडे जरूर पाठवा. लंडनची ती प्रत आठवते ना?