सहकुटुंब, सहपरिवार – ग्रंथोत्सवाला!

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली, की आमच्या वऱ्हाडात दोन गोष्टींचे दिवस येतात. एक उकडलेल्या तुरीच्या शेंगांचे आणि दुसरे ग्रंथोत्सवाचे. शासनाच्या ग्रंथालय संचालनालयातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत दोन दिवसांचा ग्रंथोत्सव भरतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ग्रंथ, पुढे शाळेच्या मुलींचे लेझीम. मग परिसंवाद, कविसंमेलन आणि आवारात पुस्तकांचे स्टॉल. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांपुढे हा पसारा लहानच. पण आपल्याच गावात, ऑटोच्या भाड्यात जाऊन येता येते, हे काय कमी?

यंदा आमच्या कुटुंबाने दोन ग्रंथोत्सव केले. एक राहत्या अमरावतीचा आणि दुसरा माझ्या सासरचा, अकोल्याचा. त्याचीच ही हकीकत.

आधी घरची माणसे सांगते. हे एका सहकारी बँकेत. थोरली आठवीत, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेली. धाकटा चौथीत, वाचताना दर ओळीला अडखळणारा. आणि मी एका शाळेत मराठी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात असे कुणी शिकवते त्यांना वेगळे सांगायला नको. मानधन ठरलेले असते, ते हातात पडण्याचा दिवस तेवढा ठरलेला नसतो.

त्यामुळे पुस्तकांना जाताना आमचा एक नियम असतो. मुलांना प्रत्येकी दोनशे रुपये आधीच पाकिटात घालून द्यायचे. पहिली फेरी नुसती बघायची, खरेदी दुसऱ्या फेरीत. कापडी पिशवी बरोबर न्यायची. आणि निघण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्यायचे, नाही तर पुस्तकांचे पैसे परस्पर गिल्या वड्यात जातात! (अमरावतीकर मैत्रिणींना पटेल. समोर दह्यातला गिला वडा दिसला, की नियम वगैरे सगळे बाजूला राहते.)

पहिल्या फेरीत धाकटा नॅशनल बुक ट्रस्टच्या स्टॉलवर रमला. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची मुलांची चित्रमय पुस्तके आजही आपल्या खिशाला परवडतात. त्याने साठ रुपयांत एक घेतले. मी 'वाचू आनंदे' चाळत उभी राहिले. माधुरी पुरंदरे यांनी केलेल्या या पुस्तकांत निवडक मराठी उतारे आहेत आणि त्यांच्या जोडीला आपल्या भारतीय चित्रकलेतली चित्रे. मराठीच्या तासाला चित्र दाखवून सुरुवात केली, की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा माना वर करतात, हा माझा अनुभव आहे.

एवढ्यात थोरलीने येऊन माझा पदर ओढला. "आई, चल ना, एक पुस्तक दाखवते."

पुस्तक होते अजिंठ्याच्या चित्रांचे. चांगले मोठे, जाड गुळगुळीत कागदाचे. एकेक चित्र पानभर. किंमत बाराशे. दहा टक्के सवलत जाऊन एक हजार ऐंशी.

"मोबाइलवर सगळी चित्रं फुकट दिसतात की," हे म्हणाले. मीही मान डोलावली. खरे सांगते, त्या वेळी मला मिक्सरचे फुटलेले भांडे दिसत होते आणि थोरलीचे विज्ञानाचे गाइड. आम्ही गाइड घेतले आणि परतलो. थोरली ऑटोत एक अक्षर बोलली नाही. मला मात्र माझेच दिवस आठवले. मीही शाळेत असताना इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळवली होती. पुढे चित्रकला शिकायची फार इच्छा होती. घरचे म्हणाले, बी.ए. कर, ते कामी येईल. कामी आले, नाही असे नाही.

रात्री अकोल्याला फोन केला. माझे सासरे, आबा, तिथे जुन्या घरी राहतात. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली. आबा म्हणजे अट्टल वाचणारे. अकोल्याला १९८१ साली गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले, तेव्हा नव्या नोकरीतले आबा रजा टाकून तिन्ही दिवस मांडवात होते. "आपल्या परतवाड्यात जन्मलेला माणूस अध्यक्ष आन् आपण घरी बसाचं?" हे ते अजून सांगतात. पुढे १९८९ साली के. ज. पुरोहितांच्या, म्हणजे 'शांताराम' यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला संमेलन भरले, तिथेही गेले. अकोल्याच्या त्या संमेलनात त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा एक अल्बम घेतला होता. एका पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि तो अल्बम मातीमोल झाला.

पण दोन वर्षांपासून आबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. कडेचे दिसते, समोरचे नेमके धूसर. अक्षर तर लागतच नाही. वर्तमानपत्र बंद केले. मग हळूहळू चौकात जाणेही बंद केले. फोनवर मी पुस्तकाचा विषय काढला, तशी पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पद्मपाणी आहे का वो त्याच्यात, सूनबाई?"

मला उत्तर देता येईना. मी नीट पाहिलेच नव्हते.

दोनेक आठवड्यांनी अकोल्याचा ग्रंथोत्सव होता. आम्ही संत्र्यांची पिशवी घेऊन सकाळीच निघालो. अमरावती ते अकोला सुमारे शंभर किलोमीटर. बडनेरा सोडले, की दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. तो आकडा आमच्या धाकट्याला तोंडपाठ आहे. पाढे मात्र नाहीत! वाटेत मूर्तिजापूर लागते. इथूनच एके काळी शकुंतला रेल्वे यवतमाळला आणि अचलपूरला जायची. ती अरुंद रुळांची गाडी आता बंद पडली आहे.

आबा यायला तयार नव्हते. "मले आता अक्षर लागत नाही. मी तिथं येऊन काय करू?"

"अक्षरं नाही, आबा, चित्रं पाहायला चला," थोरली म्हणाली आणि त्यांची काठी घेऊनच दारात उभी राहिली.

कित्येक महिन्यांनी आबा गर्दीत आले होते. ओळखीची माणसे भेटली, रामराम झाले. लोकांच्या आवाजावरून ते माणूस ओळखत होते, हे मला तेव्हा कळले. आणि योगायोग असा, की अमरावतीचाच स्टॉलवाला इथेही आला होता. "ताई, अमरावतीले पाह्यलं होतं ना तुम्ही हे? पोरगी लय वेळ उभी होती," असे म्हणून त्याने पुस्तक आपणहून पुढे केले.

तिथेच उभ्याउभ्या घरची सभा भरली. थोरलीने मामाने दिलेल्या ओवाळणीतले तीनशे काढले. धाकट्याच्या पाकिटात एकशे चाळीस उरले होते, ते त्याने तक्रार न करता दिले. राहिले सहाशे चाळीस. मिक्सरचे भांडे एक महिना पुढे ढकलले, घरी पाटा-वरवंटा आहेच. ह्यांनी मुकाट्याने मोबाइल काढला आणि त्यावरूनच पैसे दिले. म्हटलं, बरं झालं, मोबाइलचाही उपयोग झाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात अंगणात जुनी चादर अंथरली. आधी संत्री खाऊन झाली, सगळ्यांनी हात धुऊन पुसले आणि मग पुस्तक उघडले. आबांच्या हातात भिंग होते.

थोरली माहिती वाचत होती. दगडी भिंतीवर माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा दिला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. रंग बहुतेक दगडमातीचे: गेरू, पिवडी, हिरवी माती. काळा रंग काजळीचा. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो दूरदेशाहून आणलेला. ऐकता ऐकता माझ्या मनात आले, भिंत सारवायची ही कला तर आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती.

मग आबा बोलू लागले. "हे वाकाटकांचं काम. हरिषेण राजाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. आन् त्याची राजधानी कोणती? वत्सगुल्म. म्हणजे आपलं वाशीम!" वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. सोळावे लेणे तर हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवले. इतकी वर्षे वाशीमवरून जाणे-येणे झाले, पण वाशीम आणि अजिंठा यांचे असे नाते मला बी.ए. होऊनही माहीत नव्हते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असता त्याला ही लेणी दिसली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या चित्रकाराने वर्षानुवर्षे तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्ससाहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. उरले ते १८९६-९७ साली निघालेले त्यांचे दोन खंडांचे पुस्तक. "म्हणून मी सांगतो, चित्राचं पुस्तक कराव लागते," आबा म्हणाले.

पद्मपाणीचे पान आले. आबांनी भिंग धरले, पुस्तक उन्हाकडे वळवले, पुन्हा धरले. मग भिंग खाली ठेवले. "मुकुट दिसते. खांदा दिसते. चेहऱ्यावरच धुकं आहे."

कुणाला काय बोलावे सुचेना. हे उठून विनाकारण नळ बंद करून आले.

धाकटा मात्र आबांच्या मांडीला टेकून बसला होता. तो सरळ सांगू लागला. "आबा, त्याचे डोळे खाली आहेत. झोपलेला नाही, पण खाली बघतोय. भुवया अशा धनुष्यासारख्या. उजव्या हातात निळं कमळ आहे, पण घट्ट नाही धरलं, असं दोन बोटांत. मान थोडी वाकडी. तो रडत नाहीये, आबा, पण हसतही नाहीये." दहा मिनिटे हा मुलगा न अडखळता बोलला. वाचताना दर ओळीला थांबणारा तो हाच! आबा मान तिरपी करून, डोळ्याच्या कडेने पाहत होते. डॉक्टरांनी तसे पाहायला शिकवले आहे. मधेच म्हणाले, "हो, तसंच आहे ते. तुह्या आजीबरोबर पाह्यलं होतं मी."

अमरावतीला परतताना पुस्तक कुठे राहणार, हा प्रश्न निघाला. थोरलीचा चेहरा पडला. तिचे तीनशे रुपये होते, परीक्षा होती. तिने हट्ट केला नाही, पण खूश होती असेही मी म्हणणार नाही. शेवटी ठरले, की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुस्तक अकोल्याला राहील आणि एक रविवार आड आपण जायचे. डॉक्टरांच्या मते आबांची आहे ती नजर किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. त्याआधी एकूण एक पान पाहून व्हावे, एवढाच आमचा बेत आहे.

खरे तर आपल्या घरांना छापील चित्रे नवी नाहीत. १८९४ साली घाटकोपरला राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या. १९४५ पासून दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची मुखपृष्ठे तर किती आजीबाईंनी कापून चौकटीत लावली! मोबाइलवरचे चित्र एकेकट्याने पाहायचे असते. अंगणात उघडलेल्या पुस्तकाभोवती मात्र पाच डोकी जमतात, आणि ज्याला अक्षर लागत नाही तोही त्यात असतो. चित्रांच्या पुस्तकाला पैसे घालणे ही चैन, असे मी यापुढे म्हणणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, वर्षाकाठी एकच घ्या, पण असे पुस्तक घ्या. महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले तरी जमते. आणि घेतलेले जपा. मोठे पुस्तक उभे न ठेवता आडवे ठेवावे, म्हणजे शिवण सुटत नाही. पान वरच्या कोपऱ्याला धरून उलटावे. कपाट भिंतीला चिकटवू नये, ओल आणि वाळवी दोन्ही टळतात. सुकलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून जवळ ठेवावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात डिंक वाळून पाने सुटतात, म्हणून उन्हात पुस्तक फार वेळ उघडे ठेवू नये. आम्हीही अर्ध्या तासाने आत नेतो. घरात नजर अधू झालेले कुणी असेल, तर भरपूर उजेड, भिंग आणि शेजारी एक बोलके मूल, एवढी तयारी पुरे.

परवाच्या रविवारी आमचे सतरावे लेणे सुरू झाले. मिक्सरचे भांडे अजून आलेले नाही.