क्लॅरिओनेटचा कोमल निषाद

कोमल निषादावाचून बागेश्री ती कसली? आणि वडिलांच्या क्लॅरिओनेटवर नेमका तोच स्वर रुसलेला. काळी पाचात षड्ज धरला, की धैवतापर्यंत वाद्य निभावते. निषाद मात्र पडसे झाल्यासारखा आणि किंचित चढा.

दोष वाद्याच्या घडणीतच आहे. सनई किंवा बासरी वरच्या सप्तकात फुंकली, की षड्जाचा तार षड्ज होतो. क्लॅरिओनेट एकदम तार पंचमावर उडी घेते. या उडीसाठी पाठीमागे अंगठ्याची चावी आणि तिच्याखाली बारीक नळीचे छिद्र असते. त्याच छिद्रावर जुन्या कारागिरांनी हा निषादही सोपविला. उडीसाठी छिद्र लहान हवे, निषादासाठी मोठे. दोन सासवांच्या हाताखालची सूनच म्हणायची! (सरफोजीराजांच्या तंजावरात, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, युरोपीय वाद्यांचा बँड होता, पुढे त्याच शतकात हे वाद्य तिथल्या नृत्याच्या साथीला बसले. तिथल्या वादकांनाही या निषादाने छळले असणारच.)

बिट्टन मार्केटच्या दसरा मैदानावरून परतताना एक वयस्क बँडवाले आमच्याकडे टेकले. त्यांनी आधी चावी उतरवून नळीत पीस फिरविले. काळपट कीट निघाली. मग चावीखालचे बूच पात्याने जरासे तासले, म्हणजे गादी अधिक उचलली जाईल. आवाज मोकळा झाला, पण स्वर आणखी चढला. "छेद बड़ा कर दें, साहब?" त्यांनी विचारले. मी नको म्हटले. इतर छिद्रांचा चढा स्वर वरच्या कडेला चिकटपट्टी लावून उतरविता येतो, नको झाली तर ती काढताही येते. कोरलेली नळी मात्र पुन्हा लहान होत नाही आणि वरच्या सप्तकाचे सारे स्वर बिघडतात.

ते हसले, वाद्य हाती घेतले आणि निषाद वाजविताना उजव्या हाताची तीन बोटे खालच्या छिद्रांवर मिटली. स्वर खाली आला, भरीव झाला. दुसरा लाभ त्याहून मोठा. तार षड्जाला ही बोटे मिटलेलीच लागतात, तेव्हा पुढची झेप आधीच अर्धी तयार!

आता 'ध नि सां' बिनधोक जाते. नि आणि सां यांमधली मींड मात्र अजून तुटते; तेवढी मी गाऊन भागवितो.