मागच्या बाकांवरचं अर्थशास्त्र

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. एफवायच्या वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो मॅडम’ असा एकसुरी होकार येतो. ‘मग सांगा बघू’ म्हटलं की माना खाली. पहिल्या बाकावरच्या दोघी-तिघी बोलतात, बाकीचे वहीत रेघोट्या ओढतात. मुलं वाचतच नाहीत, हा स्टाफरूममधला लाडका निष्कर्ष मला पटत नाही. चुकलं तर वर्ग हसेल ही खरी धास्ती. त्यात तोंडून गावाकडची बोली निघाली, तर आणखी पंचाईत.

म्हणून पुरवठ्याची लवचिकता शिकवताना मी व्याख्या विचारत नाही. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. तरी शेतकऱ्यांनी माल रोखून का धरला नाही, असं विचारते. आधी दोन मिनिटं वहीत लिहायचं, मग शेजारच्याशी बोलायचं आणि मग वर्गाला सांगायचं. ‘आमचं दोघांचं म्हणणं असं’ म्हणायची मुभा असते, त्यामुळे हसू झालं तरी वाटून घेता येतं.

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, तो लाल कांदा व्हता. चाळीत टिकत नाही, सडतो. उन्हाळ असता तर ठेवला असता.” त्यावर खिडकीजवळची मुलगी उसळली, “चाळ असली म्हणून काय झालं? कृषी सेवा केंद्राची उधारी थांबते का?” दोन्ही वाक्यं मी जशीच्या तशी फळ्यावर लिहिली. व्याख्या त्यांच्याखाली आली.

सगळ्यात अवघड काम म्हणजे प्रश्न विचारून गप्प राहणं. शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात; तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात, हे अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं. मी तेवढ्यात फळा पुसते, म्हणजे कुणावर नजर रोखली जात नाही.

एवढं करूनही काही जण बोलत नाहीतच. त्यांच्याकडून चिठ्ठीवर प्रश्न घेते आणि पुढच्या तासाला नाव न घेता वाचते. सिलॅबस मागे पडतो, जादा तास घ्यावा लागतो. पण परीक्षेच्या पेपरात गाईडमधल्या ‘नाशवंत वस्तूं’च्या जागी चाळ, उधारी आणि लिलाव आलेले दिसतात, तेव्हा मार्क देताना हात आखडत नाही.