वाटणीचा द्राक्षमळा

बर्गंडीतील वूजो गावी दगडी तटाच्या आत सुमारे 50 हेक्टरांचा एकच द्राक्षमळा आहे. परंतु त्याचे मालक मोजू जावे, तर ते ऐंशीच्या आसपास भरतात, आणि त्यांतील कित्येकांच्या नावावर वेलींच्या मोजक्या ओळींपलीकडे काही नाही. सीतोच्या मठवासीयांनी बाराव्या शतकापासून वाढवीत नेलेला हा मळा फ्रेंच राज्यक्रांतीने मठांच्या मिळकती जप्त करून लिलावात काढल्यानंतरही अखंडच राहिला होता. 1889 मध्ये तो प्रथम तुकड्यांनी विकला गेला, आणि नेपोलियनच्या 1804 च्या दिवाणी कायद्याने सर्व अपत्यांना वारसाहक्कात समान ठरविले असल्यामुळे पुढे त्या तुकड्यांचेही तुकडे होत गेले.

भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या आपल्या मनाला ही ऱ्हासाची कहाणी वाटावी, हे स्वाभाविक आहे. मला मात्र तिच्यात निराळेच काही दिसते. मठवासीयांना वरच्या अंगाच्या, निचऱ्याच्या चुनखडी जमिनीतील द्राक्षे आणि खालच्या, हमरस्त्यालगतच्या चिकण मातीतील द्राक्षे एकत्र करून एकीचे उणे दुसरीने भरून काढता येत असे. आज ज्या कुटुंबाच्या वाट्याला खालचा पट्टा आला, त्याला त्या ओल धरणाऱ्या मातीशीच जन्मभर संसार करावा लागतो. तेथील जमिनीचे जुने माप ‘ऊव्रे’, म्हणजे एका माणसाने एका दिवसात कुदळीने खणावे एवढे क्षेत्र, आपले जवळजवळ सव्वाचार गुंठे. आणि एवढ्याशा भूमीकडे पिढ्यान्‌पिढ्या लावलेली दृष्टी ती इंच इंच ओळखू लागते.

दहा गुंठ्यांत पिनो न्वार जातीच्या हजारभर वेली मावतात, आणि कायद्याने बांधून दिलेल्या मर्यादेत त्यांचे मद्य भरते साधारण दीड पिंप: एक 228 लिटरांचे, आणि उरलेल्यासाठी 114 लिटरांचे धाकटे. या काळ्या द्राक्षाचा रस मुळात वर्णहीन. रक्तिमा सारी सालीत. सप्टेंबरातील खुडणीनंतर हौदात रस आंबू लागला, की उसळत्या वायूने साली वर ढकलल्या जाऊन त्यांचा जाड थर तरंगू लागतो, आणि तो कोरडा राहून नासू नये म्हणून वरचेवर रसात दाबावा लागतो. काही घरांतून आजही हे काम उबदार लगद्यात उतरून पायांनीच होते. मात्र तो वायू प्राणघातक असल्याने एकट्याने उतरायचे नसते. सालींतून रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो, आणि कोठे थांबावे हा निर्णय शेवटी घरातल्या कोणाच्या तरी जिभेवर सोपविलेला असतो. पुढे तळघरात ओकच्या लाकडातून मद्य हळूहळू उडून जाते. ती पोकळी भरली नाही तर हवा शिरून सारे बिघडते, आणि ज्याच्यापाशी दीडच पिंप आहे, त्याने ती भरावी कशातून? मोठ्या मालकाला अज्ञात असलेली ही विवंचना त्या कुटुंबाला प्रत्येक थेंबाशी बांधून ठेवते.

अलीकडे जमिनीचे मोल इतके चढले आहे, की वारसाकर भरताना घरांची दमछाक होते. शेजारच्या मोरे-सँ-दनीमधील क्लो दे लांब्रे हा मळा 2014 मध्ये एलव्हीएमएच या धनाढ्य उद्योगसमूहाने घेतला. खरेदीखतात क्षेत्र आणि चतुःसीमा लिहिता येतात. पावसानंतर कोणत्या ओळीत पाणी अधिक काळ तुंबते, हे मात्र कोणी लिहून देत नाही. ही ओळख हरवू नये यासाठी कित्येक कुटुंबे जमीन एका सामाईक संस्थेच्या नावे करतात, भावंडांना तिचे केवळ हिस्से देतात आणि कसणारा हात एकच ठेवतात. ही व्यवस्था टिकावी, असे मला मनापासून वाटते.