सर, मी कव्हा उतरू?

थोडं लांबलंय, पण ज्यांची लेकरं संध्याकाळी मैदानावर येतात त्यांनी तरी वाचा.

मागच्या वर्षी आपल्या देऊळगाव राजाची १४ वर्षांखालची १६ पोरं घेऊन मी बुलढाण्याला फुटबॉलच्या स्पर्धेला गेलो होतो. देऊळगाव मही, चिखली करत क्रूझर पोचेपर्यंत दोघांना उलट्या झाल्या, तरी गाणी चालूच. पहिली मॅच २-० ने जिंकलो. फोटो टाकला, तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं, मीही ते ऐटीत घेतलं.

ती मॅच जिंकलो कशी, हे तेव्हा लिहिलं नव्हतं. आमच्यात एक पोरगा वयानं १३, अंगानं १६ चा. बाकीच्यांना मी एवढंच सांगितलं होतं, बॉल आला की लांब हाणा, तो पळेल. त्यानं पळून दोन गोल केले. बाकीची पोरं काय शिकली? हाणायला. दुसऱ्या मॅचला समोर तसलेच दोन धिप्पाड निघाले आणि ४-० ने घरी.

आणि आमचा बारक्या. उंची कमी, पण बॉल त्याच्या पायात गेला की काढून दाखवा. दोन्ही मॅच बूट बांधून काठावर बसून होता. तीनदा विचारलं, "सर, मी कव्हा उतरू?" मी म्हणालो, थांब, मॅच टाइट आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही ४-० ने मागं होतो. कसली टाइट? परतताना तो खिडकीकडं तोंड करून बसला. बालाजी महाराजांची यात्रा उठली, मैदान परत सुरू झालं, तो आला नाही.

शालेय स्पर्धेत वयाची रेघ १ जानेवारीला पडते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. त्या वयात वर्षाचा फरक लई मोठा असतो. (आमच्या पिढीत हा घोळ नव्हता, अर्धा वर्ग गुरुजींच्या कृपेनं १ जूनलाच जन्मलेला!) आपण खेळ बघून निवडतो असं वाटतं, पण निवडतो वाढ. आधी वाढलेल्याला मॅच मिळते, मॅच मिळाली म्हणून तो सुधारतो. उशिरा वाढणारा तोवर खेळ सोडून गेलेला असतो.

नॉर्वे हा ५५ लाखांच्या आसपास वस्तीचा देश. तिथं मूल ११ वर्षांचं होईपर्यंत निकाल आणि गुणतक्ते लावतच नाहीत. हालंड तिथंच वाढला. एवढ्या लांब नको, तर कोल्हापूर बघा. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारतीय संघात तिथला अनिकेत जाधव होता. त्या गावात तालमींचे संघ आहेत, पोरांच्या पायाला बॉल रोज लागतो. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला १० लाख मुलं मैदानात उतरवायची म्हणून राज्यभर फुटबॉल झाला, शाळांना बॉल वाटले. फोटो झाकास आले. त्यातले किती बॉल नंतर कपाटाबाहेर निघाले, ते ज्याचं त्यानं आठवावं.

पालकांचंही सांगतो. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न, जिंकले का? दुसरा, सर्टिफिकेट मिळालं का, दहावीला मार्क वाढतील का? किती वेळ खेळला, हे एकाही बापानं विचारलं नाही. बारक्याच्या आईनं विचारलं होतं. मी विषय बदलला.

यंदा बदल करतोय. २२ पोरं आणि एक बॉल, असा सराव बंद. पाच-पाच जणांचे चार संघ, दोन छोटी मैदानं, दोन बॉल, उरलेले आलटून पालटून. आणि स्पर्धेला जो गाडीत बसेल तो प्रत्येक मॅचमध्ये अर्धा वेळ खेळेल, मग आपण हरलो तरी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आत्ताच सांगा, बुलढाण्यात मैदानाच्या काठावरून ओरडू नका.

छोट्या गोलपोस्टसाठी जुने लोखंडी पाइप लागतील, आठ उभे आणि चार आडवे. कुणाच्या शेतात, गोडाऊनात पडले असतील तर फोन करा, वेल्डिंगचं मी बघतो.

काल बारक्याच्या घरी जाऊन आलो. तो क्लासला गेला होता. आई म्हणाली, बूट लहान झालेत आता त्याला. कितवा नंबर लागतो, ते विचारून आलोय.