शनिवारची ताई

६ जुलै २०२४, शनिवार
पर्वती पायथ्याच्या वस्तीत मुलांना शनिवारी शिकवायच्या उपक्रमाचं पहिलं सत्र. मला नेमून दिलेली मुलगी दहावीत आहे, बीजगणिताला घाबरते. नाव सांगायच्या आधी तिनं विचारलं, "ताई, किती दिवस येणार?" मी म्हटलं, "वर्षभर." ती काही बोलली नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार
दोन शनिवार बुडवले. एकदा राजगडला गेले, एकदा नुसता कंटाळा आला. निरोपही धाडला नाही. आज तिनं वही पुढे केली. दोन्ही तारखा घालून समीकरणं सोडवलेली, माझ्या बरोबरच्या खुणेसाठी शेजारी जागा सोडलेली. "पायरीवर बसून केली," एवढंच म्हणाली. मान वर करवेना.

२८ ऑगस्ट, बुधवार
उपक्रमाच्या समन्वयक ताईंनी एक अभ्यास वाचायला दिला. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स'नं जुळवलेल्या मार्गदर्शक आणि मुलांच्या जोड्यांवर ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला. वर्षभर टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्यांत मुलं स्वतःच्याच नजरेतून उतरली. अर्ध्यावर सोडून जाणारी ताई मला व्हायचं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
तुळशीची लग्नं लागली आणि तिलाही स्थळ आलं. पंधरा वर्षांची पोर! कायद्यानं अठरा पूर्ण लागतात हे मला पाठ होतं, पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. समन्वयक ताईंना घेऊन तिच्या घरी गेले. त्यांनी आधी कायदा काढलाच नाही. चहा घेतला, आईला बोलू दिलं. आपण धुण्याभांड्याला गेलो की वयात आलेली मुलगी घरी एकटी, ही भीती तासाभरानं बाहेर आली. दुपारी अभ्यासिकेत बसायची सोय ठरली. स्थळाला तूर्त नकार. ताई पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहेत.

१८ जानेवारी २०२५, शनिवार
टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य शिकायचं म्हणून सीयूईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. १९३६ पासूनची ही संस्था. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ची चाइल्डलाइन १९९६ मध्ये तिथूनच उभी राहिली. बाबांनी विचारलं, "मुलांना जीव लावायला पदवी कशाला?" त्यांना तिच्या घरची ती भेट सांगितली. जीव मीही लावला होता. त्या आईला बोलतं करणं मला जमलं नसतं. ते शिकायचंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. केंद्राच्या फाटकापाशी तिची आई आणि मी. आत जाता जाता ती वळून म्हणाली, "उद्या शनिवार आहे, ताई. बीजगणिताची वही आणते."