तलवारीचं पाणी

दसरा जवळ येतोय. देव्हाऱ्यामागची, माळ्यावरची, ट्रंकेतली जुनी शस्त्रं आता खंडेनवमीसाठी बाहेर निघतील. त्याआधी हे लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं घर कुळगीचं. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना लागणारं जंगलातलं लहानसं गाव. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा हवेत लोखंड सांभाळायचं म्हणजे घरात तान्हं मूल असल्यासारखं लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडे आजोबांच्याही आधीपासूनची एक तलवार आहे. ती अमक्या लढाईत गाजली वगैरे मी सांगणार नाही, कारण त्याला कागद नाही. पातं बाकदार, मूठ लोखंडी, मुठीच्या डोक्यावर बशीसारखी चकती. पण खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली की पात्यावर बारीक करड्या लहरी दिसतात, संथ डोहावर वाऱ्याची झुळूक आल्यासारख्या. आजोबा म्हणायचे, "हिला पाणी आहे." लहानपणी मला वाटायचं, पाणी म्हणजे धार. त्या लहरींबद्दल ते बोलत होते हे फार उशिरा कळलं.

जुनी शस्त्रं जमवणारे लोक या लहरींना जौहर म्हणतात. ही वरून काढलेली नक्षी नसते, पोलादाच्या पोटातच ती असते. दक्षिण हिंदुस्थानात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि झाडाचं लाकूड-पाला घालून, तासन्‌तास भट्टी पेटवून, हळूहळू थंड करून पोलादाच्या वड्या करत. त्यात कार्बन साधारण दीड टक्क्याच्या आसपास. ती वडी बेताच्याच तापावर ठोकली की आतले कठीण कण रांगांनी बसतात, आणि सौम्य आम्ल लावलं की त्या रांगा उजळ आणि मधला भाग काळसर दिसतो. तेलंगणातल्या कोनसमुद्रमला अशा वड्या घ्यायला थेट इराणचे व्यापारी येत. तिकडच्या लोहारांनी तर पात्यावर आडव्या रेघा पाडून, पुन्हा ठोकून शिडीच्या पायऱ्यांसारखा जौहर उठवला. त्याला ते चाळीस पायऱ्या म्हणत.

इंग्रजांनी या पोलादाला वुट्झ नाव दिलं. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटनी १७९४ साली त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले. पुढे १८१९ मध्ये मायकेल फॅरेडेनं ते तपासलं. तो स्वतः लोहाराचा मुलगा. वुट्झ हा शब्द आपल्या शेजारच्या कन्नडमधल्या 'उक्कु'वरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. उक्कु म्हणजे पोलाद. आमच्या गावात हा शब्द आजही ऐकू येतो, आणि तो एवढा लांब फिरून आला असेल याची कोणाला कल्पना नसते.

चीन-जपानच्या जुन्या तलवारींवरही लहरी असतात, पण त्यांची रीत वेगळी. तिथे पोलादाच्या घड्या घालून थर ठोकतात. चिनी तलवारीत पुष्कळदा मध्ये कडक पोलादाची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असतं. ते दगडावर हळूहळू घासून मगच थर दिसायला लागतात. रीत कोणतीही असो, वरचा पातळ थर खराब झाला की दिसायचं ते बंद होतं.

घरोघरच्या सगळ्याच तलवारींना जौहर असतो असं मात्र नाही. मराठ्यांना युरोपातून आलेली सरळ पाती फार आवडायची. त्यावर आपली मूठ चढवली की झाली फिरंग. रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात ४७.१५ लाखांना घेतली, ती अशीच फिरंग. तिच्या पात्यावर सोन्यानं रघुजींचं नाव लिहिलेलं आहे. त्या नावामुळेच ती कोणाची हे आज ठामपणे सांगता येतं. म्हणून आपल्या पात्यावर लहरी नसल्या तर हिरमुसू नका. अक्षरं शोधा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या चुलत्यांकडेही एक तलवार होती. होती म्हणजे आजही आहे. तिच्या मुठीजवळ, पात्यावर सोन्याची दोन ओळींची अक्षरं होती. सणाला मोठे काका ती सगळ्यांना वाचून दाखवायचे. काका गेल्यावर एका दसऱ्याआधी ती कोणी तरी पॉलिशवाल्याकडे दिली. मशीनवर घासून आली, अगदी स्टीलच्या ताटासारखी चकचकीत. घरात सगळे खूश. अक्षरं गेली हे पूजेच्या वेळी लक्षात आलं. पोलादावर बारीक ओरखडे काढून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते, तिची जाडी ती किती! लहरी गेल्या तर जाणकार माणूस पुन्हा उठवू शकतो, कारण त्या आतपर्यंत असतात. सोनं परत येत नाही. त्या ओळी कोणी वहीत उतरवल्या नव्हत्या, फोटोही नव्हता. आज कोणी म्हणतं त्यात सुभेदार शब्द होता, कोणी म्हणतं नुसतं देवाचं नाव होतं. दोन आत्या यावरून वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

म्हणून आधी फोटो काढा. सकाळच्या तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, मुठीजवळचे जवळून. जे वाचता येतं ते वहीत लिहून ठेवा.

दुसरं, चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पॉलिश पेपर यातलं काही पात्याला लावू नका. ती तांब्या-पितळेची भांडी नव्हेत. मऊ सुती कापडावर थोडं स्पिरिट घेऊन जुनं तेल पुसा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. पातं उघड्या बोटांनी धरू नका, घामाचे ठसे महिन्याभरात गंजतात. जुना काळपट थर राहू द्या. नारिंगी, भुकटीसारखा सुटणारा गंज दिसला तरच काळजी करा.

तिसरं, तलवार म्यानात ठेवू नका. लाकूड आणि चामडं ओल धरून बसतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं तर त्याहून वाईट. आम्ही म्यान वेगळं ठेवतो आणि पातं सुती कापडात, कोरड्या कपाटात. पावसाळ्यात दर महिन्याला उघडून बघतो.

चौथं, मूठ हलत असली तर वेल्डिंग नको, खिळा नको. आपल्याकडच्या मुठीत पातं बहुधा राळ-लाखेनं बसवलेलं असतं. कडक उन्हात किंवा गरम पाण्यात ती राळ सुटते. आणि जौहरदार पातं जास्त तापलं तर लहरी कायमच्या जातात, त्यावर मग कोणाचाच इलाज चालत नाही.

पूजेचं काय, हा प्रश्न आमच्याकडेही आलाच. आत्याचं म्हणणं, हळदकुंकू लावलं नाही तर ती पूजा कसली? ओल्या कुंकवाचे डाग पात्यावर पडतात हे तिलाही दिसत होतं. शेवटी तिनंच तोड काढली. पाटावर तांदूळ, त्यावर म्यान. हळदकुंकू म्यानाला. पातं शेजारी कोऱ्या वस्त्रावर, त्याला फक्त फूल आणि अक्षता, आणि संध्याकाळी पुसून तेलाचा हात. बाहेर शेजाऱ्यांची आयुधपूजा चालू असते, जीपपुढे कुंकू भरलेला कोहळा फुटतो, कोयत्या-विळ्यांना झेंडू वाहतात. आत आमचीही पूजा झालेली असते. देव काही रागावलेला दिसला नाही.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाच्या हाती हीच तलवार द्यायची, त्याआधी निकेल चढवून घ्यायचं, असं ठरत होतं. वहिनीनं बाजारातून नवी तलवार आणली आणि म्हणाली, "मिरवायला ही घ्या. तिचं वय झालंय." विषय तिथेच मिटला. परदेशातला भाचाही एकदा मागत होता. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, हे त्याला समजावून सांगितलं. आता सुट्टीत आला की तो तिला तेल लावून जातो.

तर मंडळी, यंदा तलवार बाहेर काढलीत की आधी खिडकीपाशी न्या आणि तिरकी धरून बघा. लहरी दिसल्या, अक्षरं दिसली, तर खाली नक्की लिहा. आणि घरातलं कोणी चिंच भिजत घालत असेल, तर त्यांना हे आधी वाचायला द्या.